स्क्रॅपबुकच्या पानांसाठी योग्य अल्बम कसा निवडावा

स्क्रॅपबुक करायचं ठरलं की आपण आधी रंगीत कागद, लेस, स्टिकर आणतो. चार-सहा पानं हौसेने सजवतो आणि मग ती ठेवायला अल्बम शोधत दुकानं पालथी घालतो. तेव्हा लक्षात येतं की पानं १२ इंची आहेत आणि दुकानातल्या सगळ्या फायली ए-फोर मापाच्या. किंवा मापाचा अल्बम मिळतो, पण दहा पानं घातल्यावर तो मिटतच नाही. म्हणून माझं सांगणं आहे की अल्बम आधी ठरवा आणि पहिला कागद नंतर कापा. पानाचं माप, जाडी, पुढे मधेच एखादं पान घालता येणार की नाही आणि फोटो किती वर्षं टिकणार, हे सगळं अल्बमवरच अवलंबून असतं.

पायरी १ : जमवलेलं सगळं चटईवर पसरा

फोटो, पत्रं, तिकिटं, पत्रिका, कापडाचे तुकडे, जे काही लावायचं आहे ते एकदाच समोर मांडा. सपाट वस्तू एका बाजूला, जाड वस्तू दुसऱ्या बाजूला. मग दोन गोष्टी बघा. घडी घालायची नाही अशी सर्वांत मोठी वस्तू कोणती? आणि जाड ढिगात नक्की काय काय आहे?

बारशाचं पान घ्या. त्यावर कुंचीची किनार किंवा झबल्याची नाडी सहज बसते, पण पाळण्यावरच्या चिमणाळ्यातली लाकडी चिमणी कुठल्याच अल्बममध्ये नीट बसत नाही. तिने शेजारच्या पानावरच्या फोटोवर वळ उठतो. अशा वस्तूचा फोटो पानावर लावावा आणि वस्तू डबीत जपावी. एसटीची हल्लीची तिकिटं उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येतात, त्यांची अक्षरं काही काळाने उडतात. त्यांची आजच झेरॉक्स काढा आणि पानावर तीच लावा.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हा विषय संपलेला आहे की अजून वाढणार आहे? लग्न होऊन गेलं, फोटो आले, तो विषय पूर्ण झाला. बाळाचं पुस्तक मात्र दर महिन्याला वाढतं. आजीच्या आठवणींचंही तसंच. मावशीच्या पेटीतून अचानक १९६५ सालचा फोटो निघतो आणि तो पाचव्या पानानंतरच जायला हवा असतो. बांधणी निवडताना हा फरक सगळ्यात जास्त कामाला येतो.

पायरी २ : माप ठरवा

स्क्रॅपबुकच्या जगात १२ बाय १२ इंच हे सर्वांत रुळलेलं माप. त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. ४ बाय ६ इंचाचे सहा फोटो त्या चौरसात काठोकाठ बसतात. प्रत्यक्षात तीन-चार फोटो लावून लिहायला ऐसपैस जागा उरते. लग्न, मुंज, मोठा प्रवास अशा भरपूर फोटोंच्या विषयाला हे माप शोभतं. अडचणीही आहेत. कागद आणि पानं ठेवायची पारदर्शक पाकिटं खास क्राफ्टच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावी लागतात, घरच्या प्रिंटरवर पूर्ण पान छापता येत नाही आणि अल्बमची बाहेरची रुंदी पानापेक्षा बरीच जास्त भरत असल्याने तो पुस्तकांच्या साध्या फळीबाहेर डोकावतो. घेण्याआधी कपाटाच्या कप्प्याची खोली टेपने मोजा.

आपल्याकडे पहिल्या स्क्रॅपबुकसाठी मी ए-फोर सुचवेन. २१ बाय २९.७ सेंटिमीटरच्या पानावर ४ बाय ६ चे दोन आडवे फोटो एकाखाली एक लावले तरी साडेतीन इंचांहून अधिक उंची मोकळी राहते, आणि आठवण लिहायला तेवढी पुरते. कागद गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, मजकूर घरी छापता येतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर चक्कर मारली तर या मापाचा माल एका फेरीत गोळा होतो. गुणपत्रक, पत्र, दाखल्याची झेरॉक्स असं बरंच काही घडी न घालता मावतं.

८ बाय ८ चा अल्बम एका सहलीला किंवा भेट द्यायला छान. ६ बाय ६ मध्ये मात्र ४ बाय ६ चा एक फोटो लावला की दोन इंचांची पट्टी उरते. लिहिण्याची आवड असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ३ : बांधणी निवडा

इथे घाई करू नका. माप चुकलं तर कागद कापता येतो, बांधणी चुकली तर सगळी पानं उसवावी लागतात.

*रिंगचा अल्बम.* वाढणाऱ्या विषयाला याच्यासारखा दुसरा नाही. पान हवं तिथे घाला, काढा, क्रम बदला. आजच्या स्क्रॅपबुकिंगच्या छंदाचा उगमही रिंगच्या फायलींतच सांगितला जातो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन यांनी कुटुंबाच्या आठवणी अशा फायलींत, पारदर्शक पाकिटांमध्ये लावल्या होत्या. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका जागतिक परिषदेत त्यांनी त्या पन्नासेक फायली मांडल्या आणि बघणाऱ्यांना आपणही असं करावंसं वाटलं.

गोल रिंगपेक्षा डी आकाराची रिंग घ्या. तिच्या सरळ बाजूवर पानांच्या कडा एका रेषेत राहतात आणि तेवढ्याच जाडीच्या फायलीत पानंही जास्त मावतात. दुकानात एक चाचणी जरूर करा. रिंग मिटवा आणि तिच्या सांध्यावरून साध्या कागदाचं भोक सरकवून बघा. कागद अडकला किंवा फाटला तर पाकिटंही तिथेच फाटणार. ती फाइल परत ठेवा.

ए-फोरवाल्यांनी आणखी एक बघायचं. शीट प्रोटेक्टर, म्हणजे भोकांची पट्टी असलेलं पारदर्शक पाकीट, ए-फोर कागदापेक्षा रुंद असतं. साध्या फायलीत ते पुठ्ठ्याच्या बाहेर येतं आणि कडा दुमडतात. म्हणून जास्त रुंदीची फाइल मागा आणि एक पाकीट आत घालूनच ती विकत घ्या. ११ भोकांची पाकिटं आपल्याकडच्या दोन किंवा चार रिंगांच्या फायलीत बसतात. परदेशी १२ इंची अल्बम मात्र बहुधा तीन रिंगांचे असतात, त्यांची पाकिटंही त्याच मापाची लागतात.

रिंगचा एक दोष मान्य करायला हवा. समोरासमोरच्या दोन पानांत धातूची फट राहते. मिरवणुकीचा एकच लांब देखावा दोन पानांवर पसरवायचा असेल तर तो मधे तुटतो.

*स्क्रूचा अल्बम.* यात पाकिटं दोन-तीन धातूच्या खुंट्यांवर ओवून वरून स्क्रूने आवळतात. दिसायला पुस्तकासारखा, समोरासमोरची पानं एकमेकींना लागून. जाडी वाढली की खुंटीला जोडतुकडा लावून लांबी वाढवता येते. पण मधलं पान काढायचं तर स्क्रू खोलून वरची सगळी पानं उतरवावी लागतात, आणि पूर्ण भरल्यावर आतल्या बाजूला पान सपाट उघडत नाही. शिवणीकडचा दीड-दोन सेंटिमीटर भाग मोकळा सोडूनच मांडणी करा. लग्नासारख्या पूर्ण झालेल्या विषयाला हा अल्बम मी आनंदाने सुचवते.

*पट्टीचा अल्बम.* पानांच्या कडेच्या तारेच्या कड्यांतून प्लॅस्टिकची पट्टी ओवलेली असते. पानं अगदी सपाट उघडतात, मधे फट जवळजवळ नसते. पण पानं बहुतेक वेळा त्याच कंपनीची लागतात. पुढे ती मिळतील याची खात्री असेल तरच या वाटेने जा.

*शिवलेली वही.* दुकानातल्या तयार वहीत पानांइतकीच जागा पाठीकडे असते. त्यात फोटो, लेस, बटणं लावत गेलो की पुढची कड फुगते आणि वही मगरीसारखी आ वासून बसते. यावर जुना आणि पक्का उपाय बाइंडरकडे आहे. त्याला सांगा, दर पानाच्या मागे त्याच कागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी शिवणीत घाला. फोटोंमुळे जेवढी जाडी पुढे वाढते, तेवढी त्या पट्ट्यांमुळे पाठीकडे आधीच असते आणि भरलेली वहीसुद्धा नीट मिटते. गावातल्या ग्रंथालयाची पुस्तकं बांधणारा बाइंडर हे काम समजून करतो. आजीच्या सुती लुगड्याचा तुकडा पुठ्ठ्यावर चढवून घेता येतो, त्या वहीला दुकानातल्या कुठल्याही अल्बमची सर येत नाही. फक्त पानांचा क्रम आधी कच्चा लिहून काढा, कारण इथे नंतर बदल नाही.

स्पायरलची वही मुलांच्या हाती द्यायला उत्तम. जास्त भरली की तिची पानं तारेपाशी फाटतात, एवढं ध्यानात ठेवा.

पायरी ४ : प्लॅस्टिक आणि कागद पारखा

पीव्हीसीची पाकिटं फोटोंना घातक असतात. मऊपणासाठी त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात, पाकीट चिकट होतं, फोटोचा पृष्ठभाग आणि झेरॉक्सची शाई त्याला चिकटते. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन आणि पॉलिस्टर हे तीन प्रकार चालतात. वेष्टनावर नाव नसेल तर आधी वास घ्या. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते पाकीट नको.

घरी आणखी एक परीक्षा होते. पाकिटाचा नखाएवढा तुकडा कापा, पाण्यात थेंबभर साबण घालून तो बोटाने पूर्ण बुडवा, बुडबुडे निघून जाऊ द्या आणि सोडा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन वर येऊन तरंगतात, पीव्हीसी तळाला बसतं. पॉलिस्टरही बुडतं, पण ते काचेसारखं स्वच्छ, कडक असतं, हलवलं की खडखडतं आणि त्याला वास नसतो.

कागद आम्लमुक्त आणि लिग्निनमुक्त हवा. लिग्निन हा लाकडातला घटक, वर्तमानपत्र पिवळं पडतं ते त्याच्यामुळे. पायाच्या पानासाठी २०० ते ३०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट पुरते. वेष्टनावर आयएसओ १८९१६ या चाचणीचा उल्लेख असेल तर फारच चांगलं, कारण त्या वस्तूने फोटो फिके पडतात का, त्यावर डाग पडतात का, हे त्या चाचणीत तपासलेलं असतं.

आणि चिकट पानांचे अल्बम घेऊ नका, कितीही सोयीचे वाटले तरी. पानावरच गोंद असावा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ मध्ये अशा स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं, त्यातल्या गोंदाच्या पट्ट्या ओल्या करून कात्रणं चिकटवायची. पण आपल्या घरांत आहेत ते नंतरचे, सत्तर-ऐंशीच्या दशकांतले : पुठ्ठ्यावर गोंदाच्या रेघा आणि वर प्लॅस्टिकचा पडदा. तो गोंद पिवळा पडतो, फोटोच्या पाठीत शिरतो आणि फोटो सुटता सुटत नाही. आईवडिलांच्या लग्नाचे फोटो अशा अल्बममध्ये असतील तर आधी प्रत्येक पानाचा जसंच्या तसं फोटो काढून ठेवा. मग दात साफ करायचा मेण न लावलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे ओढत न्या. फोटो वाकवू नका. ओलावा किंवा ड्रायर वापरू नका. जो सुटत नाही तो पुठ्ठ्यासकट कापून घ्या आणि त्याची स्कॅन केलेली प्रत लावा.

नव्या पानांवर जुना फोटो कोपरपट्ट्यांनी, म्हणजे फोटोचे कोपरे ज्यात अडकतात अशा छोट्या पट्ट्यांनी लावा, म्हणजे पुढे कधीही काढता येईल. फेव्हिकॉलने कागद सुरकुततो आणि सेलोटेप काही वर्षांत तपकिरी होते.

पायरी ५ : जाडी मोजून मगच फाइल घ्या

दोन-तीन पानं नमुना म्हणून पूर्ण करा. फोटो, लेस, सगळं लावून, पाकिटात घालून. ती एकावर एक ठेवा, तळहाताने हलकं दाबा आणि सर्वांत जाड जागी पट्टीने उंची मोजा. तीन पाकिटांची उंची ६ मिलिमीटर भरली तर ३० पाकिटांना ६० मिलिमीटर लागतील, म्हणजे ती एका सामान्य फाइलमध्ये मावणार नाहीत. अशा वेळी विषयाचे दोन भाग करून दोन फायली करणं चांगलं. फाइल काठोकाठ भरू नका, पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. जाड वस्तू सगळ्या पानांवर एकाच कोपऱ्यात येऊ देऊ नका, नाहीतर अल्बम एका बाजूने उंच होतो.

पायरी ६ : पावसाळ्याचा विचार

कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. फोटोला बुरशी लागायला तेवढं पुरतं. तिथे राहत असाल तर आवरणाची पेटी मिळणारा अल्बम निवडा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कप्प्यात तो ठेवू नका आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबर गोळ्या अल्बमजवळ नकोत. भरलेले रिंगचे आणि स्क्रूचे अल्बम आडवे ठेवा, उभे ठेवले तर पानांचा भार भोकांवर येतो. पावसाळा संपला की एकदा सगळी पानं उघडून वारा द्या. चकचकीत फोटो पाकिटाला चिकटू लागलाय का तेही तेव्हाच दिसतं. तसं दिसलं तर फोटोवर आम्लमुक्त टिश्यूचा तुकडा घाला.

पैसे देण्याआधी त्याच अल्बमची दहा-पंधरा जादा पाकिटं सोबत घ्या. स्क्रूचा अल्बम असेल तर जोडतुकड्यांचा एक संचही. दोन वर्षांनी त्याच मापाचं, त्याच भोकांचं पाकीट शोधायला गेलात तर तो माल बंद झालेला असू शकतो.