डेन्व्हरमध्ये सप्टेंबरचा बर्फ येण्याआधी

कोलोरॅडोत सप्टेंबरच्या उन्हावर विसंबू नका. २०२० मध्ये डेन्व्हरला ५ सप्टेंबरला १०१ अंश फॅरनहाइट होतं आणि ८ तारखेला बर्फ. पारा २८ फॅरनहाइटखाली, म्हणजे उणे २ सेल्सिअसखाली, काही तास राहिला की टोमॅटो, मिरची, वांगी वाचत नाहीत.

आधी नळ. बागेची नळी सोडवाच. ती जोडलेली राहिली तर पाणी नळात अडकतं, गोठून फुगतं आणि भिंतीतला पाइप फुटतो. स्प्रिंकलरचा घरातला व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरच्या बॅकफ्लो यंत्रातलं (बागेचं पाणी उलटं घरच्या पाण्यात जाऊ न देणारं यंत्र) पाणी काढा, त्याची हँडल ४५ अंशांवर, अर्धवट उघडी ठेवा.

तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या संध्याकाळीच आत घ्या. तुळस १० सेल्सिअसखालीच काळवंडू लागते. रंग धरू लागलेले टोमॅटो तोडून घरात पिकवा. उरलेल्या झाडांना दुपारी पाणी द्या, कारण ओली माती जास्त ऊब धरते. मग काठ्या रोवून जुनी चादर जमिनीपर्यंत सोडा. प्लास्टिक पानांना टेकलं की तिथलीच पानं करपतात. पालक, गाजर यांची काळजी नको.

पानं न गळलेल्या फांद्या ओल्या बर्फाने मोडतात. झाडूने खालून वर हलकेच उचलून बर्फ पाडा. बर्फ गोठून चिकटला असेल तर हात लावू नका.