माळ्यावरची जुनी काडतुसं: उडवायची की जमा करायची?

गेल्या जूनमध्ये शेजारचे आबा पत्र्याचा डबा आणि परवान्याचं पुस्तक घेऊन आले. मुळशीकडे त्यांची भातशेती आहे आणि शेतीसंरक्षणासाठी .३१५ ची रायफल. "अहो, वीस आहेत. १९८८ साली घेतलेली. चालतील ना?"

मी लष्करात एकवीस वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो, आता देहू रोडला राहतो. त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इतकी वर्षं ठेवली कुठं होती?

काडतुसाचं वय ही दुय्यम गोष्ट. कोरड्या, थंड जागी, हवाबंद डब्यात ठेवलेलं चांगलं काडतूस तीस-चाळीस वर्षांनीही नीट उडतं. आतली दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि ती फार सावकाश, पण सतत विघटित होत असते. तिला आवर घालायला कारखान्यात स्थिरक मिसळतात. उष्णतेनं तो लवकर संपतो, मग आम्ल वायू सुटतात आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, आतून खाल्ली जाते. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेली काडतुसं म्हणूनच मला नको वाटतात. डबा उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस वास आला तर पुढं तपासायचंही काही उरत नाही.

वास नव्हता. मग गॅलरीत उजेडात वर्तमानपत्र पसरून एकेक काडतूस पाहिलं. बुडावर 'केएफ' अशी अक्षरं, म्हणजे आपल्या खडकीच्याच कारखान्याची. पितळ नुसतं काळवंडलेलं असेल तर हरकत नाही, देवघरातली समईही काळवंडते. पण ताक ठेवल्यावर भांडं कळकतं तसा हिरवा थर दिसला, विशेषतः प्रायमरभोवती (बुडातली ठिणगी पाडणारी छोटी टोपी) किंवा गोळी बसते त्या मानेपाशी, की ते काडतूस बाजूला. गोळी बोटांनी हलली किंवा फिरली, तरी बाजूला. गोळी आत दबली असेल तर दाब धोकादायक वाढू शकतो. प्रायमर बुडाच्या वर आलेला असेल तर बोल्ट (काडतुसामागं बंद होणारी रायफलीची खिटी) बंद करतानाच उडण्याची भीती. चिंच-मीठ लावून घासू नका, चकाकीखाली दोष लपतो. गंज काढायचं तेलही फवारू नका, ते प्रायमरमध्ये झिरपलं की काडतूस मेलं.

सातव्या काडतुसाच्या मानेवर केसाएवढी उभी चीर होती. नखानं लागत नव्हती, भिंगातून दिसली.

"आबा, हा डबा खताच्या गोण्यांजवळ होता का?"

"शेतघरात. युरिया तिथंच असतो की."

हे दुखणं जुनं आहे आणि आपल्याच देशातलं. इंग्रजांच्या पलटणी पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवत आणि पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांमुळे असं होतं हे १९२१ मध्ये सिद्ध झालं. दमट हवेत युरियातूनही अमोनिया सुटतो. अशी एक चीर चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या जागी, उघडली तर तापलेला वायू मागं, डोळ्यांकडे येतो. एक तडकलं म्हणजे बाकीची एकोणीसही त्याच हवेत राहिलेली. मी वीसच्या वीस बाद केली. आबा हिरमुसले, पण माझ्या मनात शंका नव्हती.

तुमची काडतुसं चांगल्या जागी असतील, तपासात उतरली असतील, तरी परवानगी असलेल्या रेंजवरच, चष्मा आणि कानपट्ट्या लावून, एकावेळी एकच भरा. नुसता 'खट्' आवाज आला तर नळी समोर धरून निदान तीस सेकंद थांबा. मी साठ मोजतो. भरतीनंतरच्या पहिल्या वर्षी .३०३ वर माझा हात घाईनं बोल्टकडे गेला आणि तो पोचायच्या आतच बार उडाला. बोल्ट उघडला असता तर? उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त माझं मनगट धरून ठेवलं. ती पकड मला अजून आठवते.

आणि आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर तिथंच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि त्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते. रायफल रिकामी करून नळीतून सळई घालून पाहा, त्याशिवाय पुढचं काडतूस नाही. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून क्षार उरतात आणि ते हवेतली ओल ओढतात. तेलानं ते निघत नाहीत. आधी गरम पाण्यानं नळी धुवा, पूर्ण कोरडी करा, मग तेल.

बाद काडतुसं कचऱ्यात, मुठेत किंवा चुलीत टाकायची नाहीत. फोडून दारू काढायचीही नाही. पोलीस ठाण्यात आधी फोन करा, परवाना बरोबर न्या, जमा केल्याची पावती घ्या. परवानाधारक वारले असतील तर वारसांनी हत्यार आणि काडतुसं दोन्ही लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. माळ्यावरचा डबा विसरला जातो आणि परवान्याविना जिवंत काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे.

आबांबरोबर मीच गेलो. पावती त्यांनी परवान्याच्या पुस्तकात घडी घालून ठेवली. नवी काडतुसं आता त्यांच्या इथल्या कपाटात कुलपात आहेत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, रायफलीपासून वेगळी. डब्यावर खरेदीची तारीख मी मार्करनं लिहून दिली आहे.