गोळी पेंड बदलण्याआधी: दुभत्या जनावराचा आहार बसवताना या चुका टाळा

ऊसतोड सुरू झाली की कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात वाडं (उसाचे हिरवे शेंडे; कृषी पुस्तकांत त्यालाच ‘वाढे’ म्हणतात) मुबलक होतं. मका, हत्तीगवत कापायचं थांबतं आणि गव्हाण वाड्यानं भरते. तीन-चार आठवड्यांत दूध लिटर-दीड लिटरनं उतरतं, डिग्री (दुधाच्या घट्टपणाचं डेअरीतलं माप) लागत नाही, आणि पहिला संशय गोळी पेंडीवर (पोत्यातल्या तयार पशुखाद्यावर) जातो. पोतं बदललं जातं, पण वैरणीकडे कोणी बघत नाही. आहाराचा हिशेब वैरणीपासून मांडायचा असतो. वैरणीतून जे कमी पडेल तेवढंच पोत्यातून द्यायचं.

ओल्या वजनावर हिशेब

‘दिवसाला तीस किलो हिरवं टाकतो’ यावरून काहीच कळत नाही. कोवळ्या हत्तीगवतात १०० किलोमागे १८-२० किलो शुष्क पदार्थ असतो, बाकी पाणी. चिकात आलेल्या मक्यात २५ किलोच्या आसपास, वाड्यात २५ ते ३०, कडब्यात ९०. जनावराचं पोट शुष्क पदार्थानं भरतं आणि त्याची गरज वजनाच्या अडीच ते तीन टक्के असते. म्हणजे ४०० किलोच्या गाईला १० ते १२ किलो.

वजन अंदाजानं धरू नका. छातीचा घेर इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीनं (इंचातच) गुणा आणि ६६० नं भागा. घेर ६८ आणि लांबी ५८ असेल तर वजन साधारण ४०६ किलो येतं.

आता एक हिशेब करून पाहू. ४०० किलोची संकरित गाय, दूध १२ लिटर, फॅट ४ च्या आसपास. शरीर चालवायला तिला सुमारे ३२० ग्रॅम प्रथिनं आणि ३.१ किलो एकूण पचनीय पदार्थ (टीडीएन, म्हणजे खाद्यातल्या ऊर्जेचं माप) लागतात. दुधाच्या प्रत्येक लिटरला वर ९० ग्रॅम प्रथिनं आणि ०.३२ किलो टीडीएन. एकूण गरज १,४०० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास ७ किलो टीडीएन.

तिच्या पुढ्यात पडतं ते असं: वाडं २५ किलो, कडबा २ किलो, २० टक्के प्रथिनांची गोळी पेंड ४ किलो. वाड्यातून ३५० ग्रॅम प्रथिनं आणि ३.४ किलो टीडीएन, कडब्यातून ६० ग्रॅम आणि ०.९ किलो, पेंडीतून ८०० ग्रॅम आणि २.७ किलो. बेरीज १,२१० ग्रॅम आणि ७ किलो. ऊर्जा बरोबर बसली, प्रथिनं १९० ग्रॅम तुटली. पोटही भरलं आहे, कारण शुष्क पदार्थ सव्वाबारा किलोच्या वर गेला. गाय भुकेली दिसत नाही, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही.

यावर आणखी एक किलो गोळी पेंड वाढवणं हा महागाचा उपाय. वाड्यातलं १० किलो काढून तिथं १० किलो लसूणघास दिला की प्रथिनं १,४५० ग्रॅमवर जातात. टीडीएन शे-दोनशे ग्रॅम कमी पडेल, ते अर्धा किलो मक्याच्या भरड्यानं भरून निघतं. लसूणघास नसेल तर अर्धा किलो सोयाबीन पेंड. तिच्यातून २२० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात.

म्हशीला गाईचंच माप लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. ७ फॅटच्या एका लिटरला ४ फॅटच्या लिटरच्या जवळजवळ दीडपट ऊर्जा लागते.

वाड्यातलं ऑक्झलेट

वाड्यातलं ऑक्झलेट हे क्षार आहारातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते कॅल्शियम शेणावाटे निघून जातं. पेंडीत कॅल्शियम असूनही जनावराला ते पुरत नाही. महिना-दोन महिने नुसत्या वाड्यावर ठेवलेली गाय माजावर नीट येत नाही, उलटते (भरवूनही गाभण राहत नाही), गाभण असेल तर मायांग (गर्भाशयाचा भाग) बाहेर पडण्याचा धोका वाढतो. वाडं दिवसाला १२-१५ किलोच्या वर नेऊ नये, उरलेली वैरण दुसरी द्यावी. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती वाईट नाही, पण कुठल्या जनावराच्या वाट्याला किती निवळी आली याचा नेम राहत नाही. वाड्याच्या हंगामात खनिज मिश्रण ८० ते १०० ग्रॅम मोजून आंबोणात (पेंड-भरड्याच्या खुराकात) दिलेलं बरं. मोजून म्हणजे तराजूवर. ‘मूठभर’ हे माप प्रत्येक हाताला वेगळं असतं.

पेंडीच्या जागी कुठलीही पेंड

घरी आंबोण बनवणाऱ्यांची ही सर्वांत महागडी चूक. सरकी पेंडीत (टरफलासकट) २०-२४ टक्के प्रथिनं, शेंगदाणा पेंडीत ४०-४५, सोयाबीन पेंडीत ४५ च्या आसपास. १०० किलोचं एक चालणारं मिश्रण असं: मका भरडा ३०, सरकी पेंड २५, सोयाबीन पेंड १७, गव्हाचा कोंडा १५, तूर चुणी १०, खनिज मिश्रण २, मीठ १ किलो. यात साधारण २० टक्के प्रथिनं येतात. सोयाबीन महाग झालं म्हणून तेवढीच सरकी पेंड घातली की मिश्रण १६ टक्क्यांवर येतं. पोतं तेच, वजन तेच, दूध मात्र कमी. तुटलेली ४ टक्के प्रथिनं भरायला मका कमी करून पेंड वाढवावी लागते, म्हणजे ऊर्जेचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

खनिज मिश्रण आणि मीठ थेट ढिगावर ओतू नका. आधी दोन-तीन किलो कोंड्यात कालवा, मग तो कोंडा सगळीकडे पसरून फावड्यानं तीन वेळा उलटापालट करा.

विकतच्या पोत्यावर लिहिलेली प्रथिनं ‘कच्ची’ असतात. त्यात युरियातून आलेला नत्रही धरलेला असतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला, रेडकाला युरियायुक्त खाद्य देऊ नये, त्यांचा कोठा (रवंथाचं मोठं पोट) अजून ते पचवायला तयार नसतो.

फॅट उतरलं, शेण पातळ झालं

दूध वाढवायच्या घाईत एका वेळी चार-पाच किलो आंबोण दिलं, किंवा जत्रा-लग्नातला भात, शिळ्या भाकरी पाटीभर घातल्या, की कोठ्यात आम्ल वाढतं. शेण पातळ, बुडबुडे असलेलं पडतं, रवंथ कमी होतो, फॅट घसरतं. एका खेपेला अडीच-तीन किलोपेक्षा जास्त आंबोण नको, जास्त लागत असेल तर तीन खेपा करा. एकूण शुष्क पदार्थात वैरणीचा वाटा निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. शिळं अन्न भरपूर खाऊन जनावर सुस्त पडलं तर खायच्या सोड्यावर भागवत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

कुट्टीकडेही बघा. यंत्राचं पातं फार बारीक लावलं की वैरणीचा भुगा होतो आणि रवंथ होत नाही. दोन ते तीन सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. गोठा शांत असताना बसलेल्या गाई मोजा. त्यातल्या निम्म्याहून अधिक रवंथ करत असायला हव्यात. शेणात अख्खे मक्याचे दाणे दिसले तर भरडा जाड आहे.

पावसाळ्यातली पेंड

पाटण, शिराळ्याच्या ओल्या हवेत शेंगदाणा पेंड आणि मक्याला बुरशी लवकर धरते. बुरशीची पेंड उन्हात वाळवून घालणं निरुपयोगी आहे. बुरशी सुकते, तिचं विष (अफ्लाटॉक्सिन) तसंच राहतं आणि दुधात उतरतं. दुधात त्याची परवानगी किलोमागे फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा आणि पंधरवड्यापुरतीच आणा.

भाकड गाय आणि अचानक बदल

भाकड झाली म्हणून आंबोण बंद करू नका. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत पोटातलं वासरू झपाट्यानं वाढतं, तेव्हा दीड-दोन किलो आंबोण हवंच. मात्र विण्याआधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची बाटली आणि भरमसाठ लसूणघास, दोन्ही टाळा. या काळात जादा कॅल्शियम मिळालं की हाडातून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते आणि व्याल्यावर दुग्धज्वर (रक्तातलं कॅल्शियम घसरण्याचा आजार) होतो.

पेंड किंवा वैरण बदलताना पहिले तीन दिवस नवीन एक चतुर्थांश, पुढचे तीन दिवस निम्मी, नंतरचे तीन दिवस पाऊण, आणि दहाव्या दिवसापासून पूर्ण. कोठ्यातल्या जिवाणूंना नव्या खाद्यावर रुळायला तेवढा वेळ लागतोच. दोन दिवसांत दूध वाढलं नाही म्हणून परत पोतं बदललं, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.