साताऱ्याहून कॅनडाला जाताय? इंग्रजीआधी कोल्हापूरची खेप मारा

परवा पोवई नाक्यावर भाजी घेताना शेजारच्या काकूंनी गाठलं. लेक जावयासोबत कॅनडाला निघालीय, बी.कॉम. झालीय, पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. "तुझं गं कसं जमलं?" कोथिंबिरीची जुडी हातात धरून काय सांगणार? म्हणून इथं लिहितेय.

पोरींनो, आधी कागद. आपली पदवी तिकडं कशाच्या बरोबरीची, हे ठरवून घ्यावं लागतं. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस हे काम करणाऱ्या संस्थांपैकी एक. गुणपत्रकं आपण घरून पाठवून भागत नाही, ती विद्यापीठाकडूनच जावी लागतात. आपलं शिवाजी विद्यापीठ साताऱ्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत, सकाळी एसटीनं निघालं की संध्याकाळी घरी. मी म्हटलं, तिकडं गेल्यावर बघू. मग भावाला रजा टाकून पळावं लागलं, वर मीच त्याला सीट नंबर चुकीचा कळवला. अजून ऐकवतो.

दुसरी गोम नावाची. पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

आता इंग्रजी. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळालेल्यांसाठी तिकडं 'लिंक' नावाचे वर्ग आहेत, १९९२ पासून चालू, सरकारी खर्चानं, फी नाही. विद्यार्थी किंवा व्हिजिटर व्हिसावर असाल तर ते मिळत नाहीत. आधी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं तपासून पातळी ठरवतात. पातळ्या एकूण बारा. काही ठिकाणी लहान मुलं सांभाळायचीही सोय असते, नाव घालतानाच विचारा. "थोडं सुधारलं की जाईन" म्हणत मी सात महिने घरात काढले. तसं करू नका.

आपलं इंग्रजी चुकीचं नसतं, ते इकडचं असतं. पहिल्याच दिवशी मी ऐटीत म्हणाले, "आय पास्ड आउट इन २००६." बाई काळजीनं म्हणाल्या, मग दवाखान्यात नेलं का? तिकडं पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं! आपण 'ग्रॅज्युएटेड' म्हणायचं.

आणि तो 'व'. वेस्ट म्हणजे पश्चिम, व्हेस्ट म्हणजे बंडी, आपण दोन्ही एकाच तोंडानं म्हणतो. पहिल्याला चहा फुंकताना करतो तसा ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. आरशापुढं रोज पाच मिनिटं. नवरा हसतो, हसू दे.

पुढच्या शिक्षणाचं म्हणाल तर एकदम दोन वर्षांच्या डिप्लोमावर उडी मारू नका. मी संध्याकाळच्या वर्गात एका वेळी एकच विषय घेतला, पहिला बुककीपिंगचा. डेबिट-क्रेडिट आधीच येत होतं, त्यामुळं सगळं लक्ष भाषेकडं देता आलं.

सगळ्यात अवघड फोन. समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, हातवारे करता येत नाहीत. मी दाताच्या डॉक्टरची वेळ घ्यायला चार वाक्यं वहीत लिहिली आणि बाथरूमची कडी लावून फोन केला. तिसरं वाक्य येईस्तोवर पलीकडच्या बाईनं वेळ देऊनही टाकली होती. मी तरी चौथं वाचलंच.