खांद्याच्या फिजिओथेरपीला जाण्याआधी

जखडलेल्या खांद्यासाठी फिजिओथेरपी सुरू करताना खांद्याचा एक्स-रे सगळेच आठवणीने घेतात, पण छातीच्या आजारांचे कागद बहुधा घरीच राहतात. पिशवी भरायला म्हणून या कागदांपासूनच सुरुवात करावी.

पेसमेकर बसवलेला असेल, तर त्याचे कार्ड खाटेवर झोपण्याआधीच थेरपिस्टच्या हातात द्यावे. दुखणारा खांदा दुसऱ्या बाजूचा असला तरी अशा रुग्णाला शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी खोलवर ऊब देणारा, शेक देत नाहीत, आणि विजेची इतर उपकरणेही हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नयेत. बायपासनंतर छातीचे मधले हाड जुळून यायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात, त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख नक्की सांगावी. बरगडी मोडलेली असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील, तर तेही न विसरता सांगावे, कारण अशा ठिकाणी जोराचा मसाज चालत नाही.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो, म्हणून तिथे शेक आणि दाब देण्याआधी फार विचार करावा लागतो. हे सर्वांसमोर बोलायला अनेक बायकांना संकोच वाटतो आणि तो अगदी स्वाभाविक आहे. डिस्चार्ज कार्ड पाकिटात घालून दिले तरी पुरते.

खांद्याबद्दल मोजकेच सांगायचे असते: तो कधी निखळला होता का, आत प्लेट किंवा स्क्रू आहे का, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. मधुमेह मात्र आवर्जून सांगावा. मधुमेहींचा खांदा जास्त जखडतो, शिवाय त्वचेची जाणीव मंदावली असेल तर भाजल्याचे कळतही नाही. त्यासाठीच थेरपिस्ट गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या आळीपाळीने त्वचेला टेकवतात. तेव्हा डोळे मिटून जे जाणवेल तेच सांगावे, अंदाज करू नये.

कपडे पुढून उघडणारे घालावेत. मंगळसूत्र, साखळी आणि श्रवणयंत्र शेकाआधी काढावे लागते, म्हणून एक छोटी डबी जवळ असू द्यावी.

निघण्याच्या दिवशी खांद्याबरोबर छातीत दाबल्यासारखे वाटत असेल, दरदरून घाम येत असेल किंवा धाप लागत असेल, तर फिजिओथेरपीला जाऊ नये. लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.