तलावाच्या पाळीवर दोघांनी मिळून पक्षी-फुलपाखरं कशी मोजायची

मी आणि आमचे हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या बाजूला एका खेड्यात राहतो, धानाची शेती आहे, आणि गेली सात वर्षं दर रविवारी गावच्या मालगुजारी (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या) तलावावर पक्षी अन् फुलपाखरं मोजतो. याचे पैसे कोणी देत नाही, आम्ही कधी मागितले पण नाहीत. आता आजूबाजूच्या गावातले लोक विचारतात, ताई आम्हाला पण करायचं आहे, सुरुवात कशी करू, म्हणून सगळं एका जागी लिहून काढते.

आधी रस्ता ठरवा, आणि एकदा ठरवला की बदलू नका. लोकांना वाटतं पक्षी म्हणजे नागझिऱ्याचं अभयारण्य. पण जंगलात परवानगीशिवाय मोजणी करता येत नाही, आणि तिथे मोजणारे तरी आहेत, आपल्या बोडीवर (छोट्या तळ्यावर), पांदणीत (शेताकडे जाणाऱ्या वाटेवर), धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) कोण मोजतं? आमचा रस्ता एक किलोमीटरचा आहे, ४०० मीटर तलावाची पाळ, ३०० मीटर बांध्यांमधला (धानाच्या वाफ्यांमधला) धुरा आणि ३०० मीटर पांदण. तिन्हीची यादी वेगवेगळी करतो. सगळं एकत्र लिहिलं की टिटवी धुऱ्यावर होती की पाळीवर हे कायमचं हरवतं, आणि उद्या पाळीवरचं बेशरम नावाचं झुडूप काढलं किंवा पांदणीचा सिमेंट रोड झाला तर नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही.

पक्ष्यांसाठी उजाडल्याबरोबर निघायचं, पण पूर्ण उजाडू द्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा अस्वल मोहाखाली असतं, आणि वाघ आता शेतापर्यंत येतात, म्हणून अंधारात कोणीच जाऊ नका, एकट्याने तर नाहीच. अजून एक, रानडुकरासाठी काही लोक रात्री तारेत करंट सोडतात. ज्याच्या धुऱ्यावरून जायचं त्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा, आम्ही आजही विचारतो.

काम वाटून घ्या. एकाच्या हातात दुर्बीण, दुसऱ्याच्या हातात वही. ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते, जास्त मोठी घेतली की हात हलतो. वहीत पेन्सिलने लिहा, दवाने पान ओलं झालं की पेन चालत नाही. आमच्याकडे हे पाहतात आणि मी लिहिते, दर महिन्याला अदलाबदल करतो, कारण पाहणाऱ्याचे डोळे थकतात आणि लिहिणाऱ्याचं ओळखणं मागे पडतं.

दोघं असल्यामुळे होणारी एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते. पहिल्या हिवाळ्यात आम्ही पाळीच्या दोन टोकांना उभं राहून अडई (एका जातीची बदकं) मोजल्या, यांच्या १४०, माझ्या १३५, आणि मी बेरीज करून २७५ लिहून टाकल्या. थवा एकच होता, मधेच उडून माझ्याकडून त्यांच्याकडे गेला होता! दोन दिवसांनी बोलता बोलता लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं, कारण पुढच्या वर्षी तिथे खरोखर १४० च दिसल्या असत्या तर कोणीतरी म्हणालं असतं की या तलावावरच्या अडई निम्म्या झाल्या. आम्ही याद्या ईबर्ड या पक्षीनोंदीच्या ॲपवर टाकतो, तिथे जुनी यादी दुरुस्त करता येते, ती लगेच केली. तेव्हापासून आम्ही शेजारी उभं राहून एकच थवा मनात वेगवेगळा मोजतो, मग आकडा सांगतो. फरक थोडा असला तर मधला धरतो, जास्त असला तर परत मोजतो. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यात बसवा, आणि तसे किती तुकडे थव्यात बसतात ते पहा. यादी एकानेच टाकायची आणि ईबर्डमधूनच दुसऱ्याला शेअर करायची, म्हणजे दोघांच्या नावावर येते पण मोजणीत एकदाच धरली जाते.

यादी टाकताना ॲप विचारतं, ओळखता आले ते सगळे पक्षी लिहिले का? इथे हो म्हणता आलं पाहिजे. म्हणजे कावळा, साळुंकी, सातभाई, सगळे. लोक चक्रवाक दिसला की फोटो टाकतात आणि कावळा सोडून देतात, पण पूर्ण यादीत एखादा पक्षी नसणं हीसुद्धा नोंदच असते. २०२३ च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला तो अशाच, ३० हजारांवर लोकांनी टाकलेल्या याद्यांवरून. आपला नीळकंठ, दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतो तो, बराच कमी झालाय हे त्यातूनच पुढे आलं. इतका ओळखीचा पक्षी की तो कमी होतोय असं कोणाच्या मनातही येत नव्हतं. म्हणून ज्या रविवारी आमच्या तारेवर नीळकंठ नसतो त्या रविवारी मी वहीत त्याच्यापुढे शून्य लिहिते, पान कोरं सोडत नाही.

आता फुलपाखरं. घरी येऊन चहा-नाश्ता करून नऊ-साडेनऊला परत निघायचं, ऊन पडल्याशिवाय ती उडतच नाहीत. ढग, पाऊस, जोराचा वारा असेल तर त्या दिवशी मोजू नका. पद्धत पोलार्ड वॉकची, ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची मोजणी अशीच चालू आहे. हळू, एकसारख्या चालीने चालायचं आणि फक्त आपल्या डाव्या-उजव्या बाजूला अडीच-अडीच मीटर, समोर पाच मीटर आणि वर पाच मीटर एवढ्यातलंच मोजायचं. सुरुवातीला अडीच मीटर म्हणजे किती ते डोळ्याला कळत नाही, आम्ही दोराला गाठ मारून अंगणात पाहून घेतलं होतं. मागे गेलेलं फुलपाखरू वळून मोजायचं नाही. थांबून ओळखायचं असेल तर मोजणी पण तिथेच थांबवायची.

ओळखायला सगळ्यात फसवं म्हणजे प्लेन टायगर आणि डॅनॅइड एगफ्लायची मादी. दोन्ही केशरी, टोकं काळी, त्यावर पांढरा पट्टा. प्लेन टायगरची अळी रुई खाते, तिचं विष अंगात राहतं, पक्षी त्याला टाळतात, आणि एगफ्लायची मादी नुसतं तसं रूप घेऊन वाचते. तिची अळी आपण भाजी करतो ती घोळ खाते. पंख उघडून बसली की मागचा पंख पहा. मधोमध तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर. ते नसून वरच्या कडेला एकच ठिपका असला तर एगफ्लाय. नर एगफ्लाय तर काळाभोर, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा, त्याला जांभळी कडा, तो चुकत नाही. नाहीच ओळखू आलं तर 'केशरी, अनोळखी' लिहा, अंदाजाने नाव घालू नका. जाळी वापरू नका, पंखाला हात लावू नका.

फुलपाखरांसोबत झाडंही लिहा हे मी मुद्दाम सांगते, कारण प्रत्येकाची अळी ठरावीक झाडांवर वाढते. संत्रा-लिंबावर लाइम, कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन, तरोट्यावर छोटी पिवळी ग्रास यलो, बहाव्यावर एमिग्रंट, बांडगुळावर जेझेबेल. धुऱ्यावर तणनाशक मारलं की तरोटा जातो. फवारणीची तारीख वहीत असली की पुढचे आकडे का पडले ते कळतं. मोजायला सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यात चांगले, रोवणी आटोपलेली असते आणि सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ पण असतो.

सारस दिसला तर लांबूनच पहा. राज्यात हा पक्षी उरलाय तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच, घरटं बोडीत नाहीतर धानाच्या बांधीत. घरट्याचा फोटो किंवा जागा ग्रुपवर कधीच टाकू नका, वनविभागाला कळवा आणि शेताच्या मालकाशी आपुलकीने बोला, कारण अंडी वाचवणं त्याच्या हातात असतं. आवाज वाजवून पक्षी बोलावणं पण नको, विशेषतः विणीच्या काळात.

तलावावर मासे धरणाऱ्या ढिवर लोकांशी बोलत जा. पाणी कधी उतरलं, बदकं कोणत्या कोपऱ्यात बसतात, हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं. एका दादांनी आम्हाला विचारलं होतं, "काऊन जी, रोज तेच तेच पक्षी मोजून राहिले?" ह्यांनी वही उघडून दोन जानेवारींची पानं शेजारी धरून दाखवली. दादांनी बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, "त्या साली पाणी लवकर सोडलं होतं ना." ते वाक्य तसंच वहीत लिहून घेतलं आम्ही.

ईबर्ड आणि मर्लिन (पक्षी ओळखायचं ॲप) दोन्ही नेटशिवाय चालतात, फक्त भारताचे पॅक आधी तालुक्याला गेल्यावर उतरवून ठेवा. मर्लिन आवाजावरून नाव सांगतं, पण डोळ्यांनी दिसेपर्यंत किंवा आवाज स्वतःला पक्का ओळखीचा होईपर्यंत ते यादीत घालू नका. संध्याकाळी छतावर रेंज येते तिथे बसून त्याच दिवशी सगळं भरून टाका आणि वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. आमची एक वही पावसाच्या गळतीत गेली, त्यातले चार महिने वाचले ते फोटोंमुळे.