मॅगझिनवाला क्रॉसबो: बाण मोठ्याने मोजत चालवा

सांगलीहून भाचा सुट्टीला म्युनिकला आला आणि बॅग ठेवायच्या आत म्हणाला, "मावशी, तुझा तो धडाधड बाण मारणारा क्रॉसबो दे ना." (क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखं धरून ट्रिगरने बाण सोडायचं आडवं धनुष्य.) दिला, पण दुसऱ्या दिवशी. तो २१ वर्षांचा आहे, म्हणूनच दिला. इथे जर्मनीत १८ पूर्ण झाल्यावर क्रॉसबो ठेवायला परवाना लागत नाही, पण कायद्याच्या लेखी तो बंदुकीच्या पंगतीत बसतो. आदल्या संध्याकाळी त्याला जे समजावलं, तेच इथे लिहिते.

आधी यंत्र ओळखा. साध्या क्रॉसबोत दोरी ओढायची आणि मग हाताने बाण ठेवायचा, त्यामुळे हत्यार भरलंय की नाही ते बोटांनाच ठाऊक असतं. मॅगझिनवाल्यात तसं नाही. माझ्याची दोरी ओढायला १३० पाउंडांचा जोर लागतो, वर पाच छोट्या बाणांचं मॅगझिन. मागचा दांडा खाली उघडला की आतला हुक पुढे सरकून दोरी पकडतो. दांडा मिटला की हुक दोरीसकट मागे येतो, 'खट्' असा आवाज होतो आणि स्प्रिंगच्या दाबाने एक बाण रुळावर, म्हणजे बाण सरकतो त्या खाचेवर, उतरतो. तो 'खट्' ऐकला की हत्यार भरलेलं आहे. म्हणून टार्गेटसमोर उभं राहिल्याशिवाय दांडा मिटायचाच नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. चीनमध्ये असा क्रॉसबो मुत्सद्दी आणि सेनानी झुगे लियांगच्या (इ.स. १८१–२३४) नावाने ओळखला जातो. पण हुबेई प्रांतातल्या एका थडग्यात त्याच्याही कितीतरी आधीचा, इ.स.पूर्व चौथ्या शतकातला नमुना सापडला आहे. लाकडाचा तो क्रॉसबो ताकदीला हलका होता. आजचे तसे नाहीत, हे विसरू नका.

आता जागा. आमच्या मागच्या अंगणाला पक्की भिंत आहे. अंगण स्वतःचं हवं आणि बाण कुठल्याही परिस्थितीत बाहेर जाता कामा नये. १० मीटरवर दाट फोमच्या थरांचं टार्गेट आणि त्याच्या मागे जाड रबरी मॅट. भिंतीवर आपटलेला बाण उलटा येतो, मॅट त्यासाठी आहे. शेजाऱ्यांच्या मांजराची त्या बाजूने ये-जा असते, म्हणून सुरू करण्याआधी मी अंगणभर एक फेरी मारते. झाडावर, पक्ष्यावर, प्राण्यावर नेम धरायचा नाही. इथे हरीण-रानडुकरांची बाणाने शिकार करायला कायद्यानेच बंदी आहे.

डोळ्यांवर संरक्षक चष्मा. पुढच्या हाताची बोटं रुळाच्या खाली, अंगठासुद्धा. मॅगझिन वर असल्याने दोरी नीट दिसत नाही आणि अंगठा नकळत वर सरकतो. भाच्याचा दोनदा सरकला, तेव्हा मी त्याच्या अंगठ्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली. ती पट्टी वरून दिसली की थांबायचं. सेफ्टी (ट्रिगर अडवणारी कळ) लागलेली असली तरी नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.

आणि मोजायचं, मोठ्याने. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दांडा खाली, दांडा वर, नेम, बाण, पुन्हा दांडा खाली... दोन-तीन बाणांत हाताला लय सापडते आणि डोकं मागे पडतं. गेल्या वर्षी मी मॅगझिनमध्ये चारच बाण भरले होते आणि मनात पाच धरून चालले. पाचव्यांदा दोरी रिकामीच सुटली. बाण असला की दोरीचा जोर बाण घेऊन जातो, नसला की तो सगळा तडाखा धनुष्याच्या पात्यांना बसतो. बघितलं तर दोरीच्या मधल्या गुंडाळीचे तीन धागे उसवून उभे राहिले होते. दोरी बदलली, पात्यांवरून सावकाश नख फिरवून कुठे तडा गेलाय का ते तपासलं, तेव्हा कुठे पुढचा बाण मारला. तेव्हापासून भरताना मोजते, मारताना मोजते आणि टार्गेटमधून उपसतानाही मोजते.

मध्येच थांबावं लागलं, कुणी हाक मारली, तर भरलेला बाण टार्गेटमध्ये मारून मोकळा करायचा. भरलेला क्रॉसबो खाली ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. टेबलावर ठेवताना दांडा खाली उघडलेला असावा, म्हणजे लांबूनही कळतं.

बाण उपसताना एक तळवा टार्गेटवर, दुसऱ्या हाताने सरळ मागे ओढा. मागे कुणी उभं नको, नाहीतर बाणाची शेपटी थेट त्याच्या पोटात. कार्बनचा बाण असेल तर दोन्ही टोकं धरून हलकासा वाकवा. करकर ऐकू आली की कचऱ्यात टाका, त्याच्या किमतीकडे बघू नका.

शेवटी दोरीला मेण, रुळाला वंगणाचा एक थेंब. क्रॉसबो कुलपाच्या कपाटात, बाण वेगळ्या डब्यात. त्या दिवशी भाच्याने उपसताना "चार" म्हटलं आणि थांबला. पाचवा गवतात होता. तो सापडेपर्यंत आम्ही चहाला गेलो नाही.